पातेल्यात परत गेलेला तुकडा

आखाडातला रविवार. सकाळपासून पावसाची रिपरिप चालू होती, खिडक्या लावून घेतलेल्या, त्यामुळे भाजलेल्या खोबऱ्याचा आणि कांद्याचा वास घरभर कोंडून राहिला होता. श्रावण तोंडावर आला की सासूबाईंना हुरूप येतो. त्या दिवशी त्यांनी साताऱ्याकडच्या पद्धतीनं चिकनचा रस्सा केला होता, वर लाल तवंग, कडेला बाजरीची भाकरी. मी स्वतः खात नाही, पण वाढायला मीच असते. मनूच्या ताटात नेहमीप्रमाणे तंगडी वाढली. ती आता सोळा वर्षांची आहे, आणि तंगडी तिची, हे आमच्या घरात ती चार वर्षांची असल्यापासून न बोलता ठरलेलं आहे. तिनं तुकड्याकडे थोडा वेळ बघितलं. मग ताट उचलून ओट्यापाशी गेली आणि डावानं तो तुकडा अलगद पातेल्यात सोडला. तवंग बाजूला झाला, पुन्हा जुळून आला, तुकडा दिसेनासा झाला. ताटातलं परत पातेल्यात घातलेलं सासूबाईंना अजिबात चालत नाही, पण तिचा चेहरा बघून त्याही गप्प राहिल्या. "मला नको," एवढंच म्हणून तिनं दहीभात कालवला, चार घास खाल्ले आणि उठली.

रात्री माझ्या शेजारी येऊन पडली, दिवा मालवल्यावर विचारलं, "आई, चिकनमुळेच येतात का गं ते?"

'ते' म्हणजे तिच्या हनुवटीखाली आलेले चार-पाच जाड, काळे केस. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ते बघितले होते आणि म्हणाल्या होत्या, "चिकन खाता ना तुम्ही? त्यात हार्मोनची इंजेक्शनं मारलेली असतात. मुलींना मिशा येतात मग." काकूंच्या मनात वाईट काही नसावं. लिफ्टमध्ये अजून दोन माणसं होती. मनूनं तिसरा मजला येईपर्यंत भिंतीकडे तोंड केलं होतं, असं तिनं सांगितलं.

मला राहून राहून टोचलं ते मात्र दुसरंच. तुकडा पातेल्यात पडला त्या क्षणी, कारण माहीत नसताना, मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं.

मी पुण्याच्या नारायण पेठेत वाढले. वाड्यात खालच्या खोलीत एक बिऱ्हाड होतं, त्यांच्याकडे कधी सुकटीचा वास सुटला की आई जिन्याचं दार लावून घ्यायची. पदार्थांचे दोनच धर्म तिला माहीत होते, उष्ण आणि थंड. पपई उष्ण, तीळ उष्ण, गूळ उष्ण, अंडं तर फारच उष्ण. पाळी लवकर आली तर काहीतरी उष्ण पडलं, उशिरा आली तर काहीतरी थंड बाधलं. शरीरात जे काही घडायचं त्याचं कारण आदल्या आठवड्याच्या ताटात सापडायचंच. आणि हे सगळं ती मायेनं करायची, हे मी कधी विसरणार नाही. बाळंतपणात मला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू तिनंच करून घातले.

पण याच आईनं मला तिच्या आजीची गोष्ट सांगितली होती. ती पणजी चौदाव्या वर्षी विधवा होऊन सोवळी झाली. आलवण नेसून आयुष्य काढलं. एकवेळ जेवायची. कांदा नाही, लसूण नाही, मसूर नाही, वांगं नाही, मसाल्याचं काहीच नाही. आई लहान असताना एकदा तिनं पणजीच्या ताटात कांद्याची भजी ठेवली. पणजीनं ती हातात घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले आणि परत खाली ठेवली. तिला हे पदार्थ का वर्ज्य होते, ते आईनं सांगितलं नाही. मोठी झाल्यावर मला आपोआप कळलं. तरुण बाईच्या अंगातली ओढ विझवायची तर तिच्या ताटातून सुरुवात करायची, असं मानणाऱ्या घरात ती राहत होती. हार्मोन हा शब्द तेव्हा त्या घरात कुणी ऐकला नव्हता. 'उत्तेजक' हा शब्द पुरेसा होता.

मनूला घेऊन मी ज्या डॉक्टरबाईंकडे जाते, त्यांनी या सगळ्याला हात न लावता एका चित्रात उत्तर दिलं. वर्षभरात मनूची पाळी दोनदा लांबली होती, एकदा अडीच महिने आलीच नव्हती. मी आत शिरल्या शिरल्या अंडाशयाच्या त्या विकाराचं नाव घेऊन म्हणाले, "पीसीओडी आहे का?" त्या म्हणाल्या, "एवढ्यात तिला हे नाव चिकटवू नका. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं ती मागेपुढे होते. लक्ष ठेवू." रक्ताच्या तपासणीत टेस्टोस्टेरॉन वरच्या रेघेच्या जरासं पुढे होतं. ते 'पुरुषी हार्मोन' म्हणून मी हबकलेच. तेव्हा त्यांनी केसपेपरच्या मागे पेनानं एक स्वादुपिंड काढलं, एक यकृत, खाली दोन अंडाशयं. "हे तिचं स्वतःचं आहे," त्या मनूकडे बघून म्हणाल्या. "प्रत्येक बाईच्या अंडाशयात हे तयार होतंच. किंबहुना इस्ट्रोजेन त्याच्यापासूनच बनतं." मग बाणांनी दाखवलं: इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटायला लागलं की ते अंडाशयाला ढोसतं, टेस्टोस्टेरॉन वाढतं, त्याच वेळी या हार्मोनला रक्तात बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृत कमी बनवायला लागतं, म्हणून मोकळं हार्मोन अजून वाढतं, आणि हनुवटीवरच्या केसांच्या मुळांना तेच जागं करतं. सगळं घरातल्या घरात.

तो कागद मनूनं घडी घालून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवला आहे. आणि तरीही लिफ्टमधल्या एका वाक्यानं तिचा तुकडा पातेल्यात गेला.

पुढच्या रविवारी चिकन आणायला मी स्वतः गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. धायरी फाट्याकडे दहा-बारा माणसांची रांग, छत्र्या, पिसांचा आणि गरम पाण्याचा ओला वास, लाकडी ठोकळ्यावर सुऱ्याचा ठक-ठक आवाज. मला मळमळलं, पण थांबले. दुकानदाराला सरळच विचारलं, "दादा, या बॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात का?" त्याच्या हातातला सुरा थांबला नाही. "ताई, एका शेडात पाच पाच हजार पक्षी. एकेकाला धरून सुई कोण टोचत बसणार? आणि परवडणार कुणाला? चाळीस दिवसांत गाडी येते, पक्षी उचलतात. मका आणि सोयापेंड, हेच खाद्य." मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "मग एवढी फुगते कशी?" याचं उत्तर मला त्या आठवड्यातल्या वाचनात सापडलं होतं, पण तिथे बोलायचं धाडस झालं नाही. कॅनडात संशोधकांनी १९५७ सालचा कोंबडीचा एक जुना वाण आणि २००५ सालचा नवा वाण एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवला. छप्पन्न दिवसांनी जुनी कोंबडी सुमारे ९०० ग्रॅमची होती आणि नवी जवळपास ४.२ किलोची. सुई नाही, औषध नाही. पिढ्यान्‌पिढ्या, भराभर वाढणाऱ्या कोंबड्याच पुढच्या पैदाशीसाठी निवडल्या, त्याचं हे फळ. शिवाय वाढीचं हार्मोन हे प्रथिन असतं. ते खाद्यातून घातलं तर कोंबडीच्या पोटात पचूनच जाईल.

कोंबडीबद्दल भीती बाळगायचीच तर ती जागा वेगळी आहे. पक्षी मरू नयेत, लवकर वाढावेत म्हणून दिली जाणारी प्रतिजैविकं. कोलिस्टिन नावाचं औषध माणसाला अगदी शेवटचा उपाय म्हणून देतात, तेच कोंबड्यांना दिलं जात होतं. २०१९ मध्ये सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. पण ही भीती लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही, कारण ती कुणाच्या हनुवटीवर दिसत नाही. आणि हार्मोनचा वाद खोटा नाही, फक्त तो दुसऱ्या गावचा आहे. अमेरिकेत मांसासाठीच्या गुरांच्या कानाच्या कातडीखाली इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनच्या बारीक गोळ्या बसवतात, युरोपनं १९८० च्या दशकात त्यावर बंदी आणली. मला वाटतं, तो वाद फिरत फिरत इकडे आला आणि आमच्या रविवारच्या पातेल्यावर येऊन बसला.

प्राण्याचं हार्मोन माणसाच्या अंगी लागूच शकत नाही, असंही मी म्हणणार नाही. सासूबाई रोज पहाटे अनशापोटी थायरॉइडची गोळी घेतात, मग अर्धा तास चहाला शिवत नाहीत. आज ती गोळी कारखान्यात बनते, पण या उपचाराची सुरुवात मेंढीपासून झाली. १८९१ साली इंग्लंडमधल्या मरे नावाच्या डॉक्टरांनी, थायरॉइड संपल्यामुळे सुजून, मंदावून गेलेल्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. त्या बऱ्या झाल्या आणि पुढे २८ वर्षं जगल्या. वर्षभरातच डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे टोचायचीही गरज नाही, ग्रंथी नुसती खाऊ घातली तरी चालते. आणि याचीच उलटी बाजू १९८४-८५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा भागात दिसली. शंभरावर माणसांना छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, वजन उतरणं. शोध घेता घेता कळलं की खाटीकखान्यात गुरांच्या मानेचं मांस काढताना थायरॉइड ग्रंथीही खिम्यात जात होती. म्हणजे ताटातून हार्मोन शरीरात शिरू शकतं. पण कोणतं, हे महत्त्वाचं. थायरॉइडचं हार्मोन पोटात टिकतं. इन्सुलिन टिकत नाही, म्हणून तर आमचे मामंजी रोज बनियन वर करून पोटाला सुई लावतात. टेस्टोस्टेरॉन गिळलं तर यकृत त्यातलं बहुतेक मोडून टाकतं.

गवतही काही निष्पाप नाही. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात १९४० च्या दशकात मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. एका जातीच्या क्लोव्हर गवतावर त्या चरत होत्या, आपल्या बरसीमच्या भाऊबंदातलं गवत. त्या गवतात इस्ट्रोजेनसारखं काम करणारा घटक होता आणि मेंढीच्या पोटात तो अजून जोरकस होत होता. सोयाबीनमध्ये त्याच कुळातले घटक आहेत. आमचा पुतण्या सिंहगड रस्त्यावर जिमला जातो, त्याच्या ट्रेनरनं त्याला सोया चंक्स बंद करायला सांगितलेत, 'पोरीसारखी छाती होईल' म्हणून. एका साठीच्या माणसाला असं झाल्याची नोंद आहे खरी. तो रोज जवळपास तीन लिटर सोयाचं दूध प्यायचा. पण साध्या प्रमाणात सोया खाणाऱ्या पुरुषांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा टेस्टोस्टेरॉनमध्ये फरक दिसला नाही. ज्या शहरात आघारकर संस्थेनं सोयाबीनचे वाण तयार केले, त्याच शहरात एक पोरगा आईनं केलेली सोयाची भाजी बाजूला सारतो आणि सोयापेंडीवर पोसलेलं चिकन वाढून घेतो. माझ्या घरात पोरगी चिकनला भ्यायली, दिराच्या घरात पोरगा सोयाला. तिला वाटतं मी मुलगा होईन, त्याला वाटतं मी मुलगी होईन. दोघं एकाच वयाची आहेत, आणि मला दोघांचीही काळजी वाटते.

इंग्लंडमध्ये २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात दूध-अंडंही न खाणाऱ्या पुरुषांच्या रक्तात एकूण टेस्टोस्टेरॉन मांसाहारी पुरुषांपेक्षा १३ टक्के जास्त निघालं होतं. त्याला बांधून ठेवणारं प्रथिनही जास्त, त्यामुळे मोकळं हार्मोन जवळपास सारखंच. म्हणजे मटण खाल्लं की मर्दपणा आणि भाजी खाल्ली की नरमाई, हे रक्तात तरी सापडत नाही. सापडतं ते फार सावकाश, फार आडवाटेनं घडणारं. वापरून झालेलं इस्ट्रोजेन यकृत पित्तातून आतड्यात सोडतं, आतडं त्यातलं काही परत शोषून घेतं; ताटात भाजी-कडधान्याचा चोथा भरपूर असेल तर त्यातलं जास्त बाहेर पडतं. सासूबाईंच्या जवसाच्या चटणीतला एक घटक आतड्यातले जंतू मोडतात आणि त्यापासून इस्ट्रोजेनशी दूरचं नातं सांगणारं काहीतरी तयार होतं. हे वाचल्यापासून ती चटणी कुटताना खलबत्त्यातून उठणारा भाजक्या जवसाचा तेलकट, मातकट वास मला वेगळाच लागतो.

आता मला माझ्या त्या 'बरं वाटण्या'कडे यायला हवं. तुकडा पातेल्यात गेला तेव्हा माझ्यातली नारायण पेठ सुखावली होती. शुद्ध ताट, निरोगी शरीर, हे माझ्या हाडात आहे. पण रास्ता पेठेत, माझ्या माहेरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं पुण्याच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या माणसांची रक्तं तपासली आहेत. २००६ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-ट्वेल्व्ह कमी होतं. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. मग त्यांनी गरोदर बायकांची मुलं सहा वर्षांची होईपर्यंत पाहिली. ज्या आयांचं बी-ट्वेल्व्ह कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची खूण सगळ्यात ठळक होती. आपली बाळं वजनाला कमी, पण अंगात चरबी जास्त घेऊन जन्मतात, हेही त्यांनीच दाखवून दिलं.

मनू पोटात असताना माझ्या पायांना मुंग्या यायच्या. फोलेटची गोळी मी एक दिवस चुकवली नाही. बी-ट्वेल्व्ह तपासायला मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सासूबाई अंडं उकडून आणायच्या, ताटलीत मीठ-मिरपूड घालून, आणि मी ते परत पाठवायची. त्या रागावल्या नाहीत, पण रोज आणायच्या. मनूच्या शरीरात आज जे चाललंय ते तेव्हाच्या माझ्या ताटामुळे आहे, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर मी लिफ्टमधल्या काकूंसारखंच बोलेन. पण साबुदाण्याची खिचडी, पोहे, भात, बटाटा, वर साखरेचा चहा, या माझ्या माहेरच्या निर्मळ ताटानं इन्सुलिनला दिवसभर धावायला लावलं असणार. आणि इन्सुलिनही हार्मोनच आहे. त्याला भ्यायला मात्र मला कुणी शिकवलं नाही.

गुरुवारी काकू लिफ्टमध्ये भेटल्या. दोघीच होतो. मी सांगितलं, "काकू, मनूला तसं बोलू नका. ते चिकनचं नाही, तिचं तिचं शरीर जुळवून घेतंय. ती तेव्हापासून नीट जेवत नाहीये." त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांचा मजला आला, दार उघडलं, तरी उभ्या राहिल्या. दार पुन्हा लागायला लागलं तेव्हा हात मध्ये घालून म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीला पार दाढीसारखे होते गं. तिचं लग्न झालंच नाही. आम्ही तिचं अंडंसुद्धा बंद केलं होतं." आणि गेल्या. भाजीच्या पिशवीतून बाहेर आलेली मेथीची जुडी दाराला घासली, दोन पानं लिफ्टमध्ये पडली.

श्रावणाआधीचा शेवटचा रविवार आला. पाऊस थांबलेला, खिडक्या उघड्या. मी मनूला काही समजावलं नाही. सासूबाईंनी रस्सा केला, मी मुगाची उसळ केली, दोन्ही पातेली ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली आणि ताट तिच्याच हातात दिलं. तिनं आधी उसळ घेतली. मग डाव घेऊन रश्श्यात फिरवला, तळापासून, दोनदा, आणि तंगडी वर काढली. तवंग निथळेपर्यंत डाव पातेल्यावर धरून उभी राहिली. सासूबाई चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होत्या, त्यांच्या हाताची थाप मात्र एकदम जलद झाली. मनूनं ताट घेतलं, माझ्यासमोर बसली आणि उजव्या हातानं खायला लागली. डाव्या हाताची दोन बोटं तेवढ्यात हनुवटीखाली गेली होती, आणि जेवण होईपर्यंत ती तिथेच होती.